चित्रपट राहिला, बोलणे गेले

वसई-विरारच्या रसिकाने चित्रपटचर्चेचा इतिहास लिहावयास घेतला, तर त्याला आरंभ रेल्वेच्या वेळापत्रकापासून करावा लागेल. चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटरांवर. विजेची गाडी विरारपर्यंत पोहोचली ती १९३६ साली. (त्याच वर्षी प्रभातचा ‘संत तुकाराम’ प्रदर्शित झाला; हा निव्वळ योगायोग, पण आम्हाला तो आवडतो.) पुढची कित्येक दशके इकडच्या माणसाचे सांस्कृतिक आयुष्य त्या रुळांवरच चालले. नाटक, व्याख्यान, गाण्याची बैठक, सारे दादरला किंवा त्याच्याही पलीकडे. फिल्म सोसायटीचे खेळही तिकडेच. चित्रपट संपे, दिवे लागत, कोणी ज्येष्ठ सभासद उभे राहून “कोणाला काही बोलायचे आहे का?” असे विचारीत, आणि नेमक्या त्याच क्षणी आमच्यापैकी कोणी तरी घड्याळ पाही.

चर्चेतून अर्धवट उठून गेलेल्या माणसांनी चर्चेचा इतिहास सांगावा, हे थोडे विपरीतच आहे. परंतु शेवटपर्यंत बसलेल्यांनी तो लिहून ठेवलेला नाही, ही वस्तुस्थिती आहे. आज ती मंडळे क्षीण झाली आहेत, काही केवळ नावापुरती उरली, काही बंद पडली; आणि त्यांच्यानंतर महाजालावर चित्रपटचर्चेच्या ज्या जागा निर्माण झाल्या त्यांतल्या मोठमोठ्या जागाही गेल्या. चित्रपट मात्र आहेत. पूर्वी कधी नव्हते इतके सहज उपलब्ध आहेत. नाहीसे झाले ते त्यांच्याविषयीचे बोलणे. त्याचा माग काढावा, एवढाच या लेखाचा हेतू.

कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ साली निघाली. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता हे तिच्या संस्थापकांपैकी. मुंबईत त्याआधीही हौशी मंडळींचे प्रयत्न झाले होते. पण या शहराला जगाच्या सिनेमाची खरी ओळख झाली ती जानेवारी १९५२ मध्ये येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे. डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ तेव्हा येथे दाखवला गेला, आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. १९५९ साली फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाची स्थापना होऊन राय तिचे अध्यक्ष झाले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. मुंबईच्या ‘फिल्म फोरम’मध्ये बासू चटर्जी आणि अरुण कौल वावरत होते. चटर्जी तोपर्यंत ‘ब्लिट्झ’चे व्यंगचित्रकार म्हणून ओळखले जात. १९६९ साली त्यांचा ‘सारा आकाश’ आला. पाहणारा आणि करणारा यांच्यातले अंतर त्या काळी फार नव्हते. एकाच सभागृहातल्या मागच्या आणि पुढच्या रांगेइतकेच ते असावे.

मराठी माणसाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे वर्ष १९६८. त्या वर्षी प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल आदी मंडळी त्यामागे होती. नावातच प्रभात कंपनीचे स्मरण होते, पण त्याहून मोठी गोष्ट भाषेची. तोवर फिल्म सोसायटी ही बव्हंशी इंग्रजीत बोलणाऱ्यांची चीज होती. बर्गमनविषयी, कुरोसावाविषयी, रायविषयी मराठीत बोलता येते, नव्हे बोलले पाहिजे, हे प्रभातने गृहीत धरले. मंडळाचे नियतकालिक निघाले, ते पुढे ‘वास्तव रूपवाणी’ या नावाने वाचकांच्या परिचयाचे झाले. अशोक राणे यांच्यासारखे समीक्षक याच वातावरणात वाढले. पुण्यात ‘आशय’ने असेच काम केले. अरुण खोपकर यांच्या ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ या पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही याच काळात. पुस्तक लेखकाचेच असते. परंतु ते समजून घेणारा मराठी वाचक कोठे तयार झाला, असे विचारले तर उत्तर बरेचसे या सभागृहांत सापडेल.

या मंडळांचे गणित साधे होते आणि ते समजून घेतल्याशिवाय त्यांचा अस्तही कळणार नाही. परदेशी चित्रपट अन्यत्र पाहावयास मिळत नसे. वकिलातींकडून, संग्रहालयाकडून, फेडरेशनच्या मार्फत एखादी प्रिंट येई. ती अमुक तारखेला या गावी, तमुक तारखेला दुसऱ्या गावी जावयाची असे. फेडरेशनच्या सभासद मंडळांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट होती. वर्गणी भरलेल्या सभासदालाच प्रवेश. म्हणजे प्रिंट एक, पडदा एक, संध्याकाळ एक. त्या संध्याकाळी जे पाहिले ते पुन्हा दिसेलच याची शाश्वती नसे. माणसे एकत्र जमत ती चर्चेसाठी नव्हे, चित्रपटासाठी. आणि एकत्र जमलेली माणसे चित्रपट संपल्यावर बोलत. चर्चा हे या दुर्मिळतेचे उपफळ होते. ते उपफळ आहे हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही. दुर्मिळता संपली की चर्चाही संपणार, हे म्हणूनच कोणी आधी ओळखले नाही.

सेन्सॉरच्या सुटीविषयी थोडे स्पष्ट बोलावयास हवे. न कापलेली दृश्ये पाहावयास मिळतात म्हणून वर्गणी भरणारे पुष्कळ होते. चळवळीच्या गौरवग्रंथांतून हा मुद्दा हळूच बाजूला सारला जातो. आमचे मत जरा निराळे आहे. त्या प्रेक्षकाच्या वर्गणीवर सभागृहाचे भाडे निघे, आणि ज्याला तास्सो नावाचे गाव आहे की माणूस याची फिकीर नव्हती तोही कधी तरी खुर्चीत अडकून चर्चा ऐके. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, तेव्हा पहिल्याने गेला तो हा प्रेक्षक. १९८२च्या एशियाडबरोबर दूरचित्रवाणी रंगीत झाली. नव्वदीच्या आरंभी उपग्रह वाहिन्या आल्या. मग सीडी, डीव्हीडी. प्रत्येक पायरीवर थोडी माणसे कमी होत गेली. मंडळांनी हार मानली असे नाही. महाविद्यालयांतून फिल्म सोसायट्या काढाव्यात म्हणून नांदगावकर उतारवयातही खटपट करीत राहिले. १९९७ साली मुंबईत मामीचा महोत्सव सुरू झाला, २००२ साली पुण्याचा. पण महोत्सव म्हणजे मंडळ नव्हे. महोत्सवात माणूस एका रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत उभा राहतो. दिवसाला चार-पाच चित्रपट पाहणाऱ्याला बोलावयास उसंत कोठली? शिवाय महोत्सवाला पुरस्कर्ता लागतो. २०२५ साली मामीचा महोत्सव भरलाच नाही. शंभर सभासदांच्या मंडळाला वर्गणी पुरे.

आता आमच्याकडे वळू. दादरला गाडीत शिरताना बोलण्याची सोय नसते, हे विरारकरांना सांगावयास नको. बोरिवलीपर्यंत माणूस आपले हातपाय शाबूत आहेत ना, एवढेच पाहतो. बोरिवली गेली की बसावयास जागा मिळे आणि सभागृहात राहिलेली चर्चा तेथे सुरू होई. एकदा कुरोसावाचा ‘इकिरू’ पाहून परतत होतो. त्या चित्रपटात कर्करोगाने ग्रासलेला एक सरकारी अधिकारी मरण्यापूर्वी मुलांसाठी बाग उभारतो. नायक मरतो, आणि तरी चित्रपट बराच उरलेला असतो. त्याच्या प्रेतविधीला जमलेले कचेरीतले सहकारी मद्य पीत, बागेचे श्रेय नेमके कोणाचे यावर वाद घालत बसतात. आमच्यातल्या एकाचे म्हणणे, नायक गेला तेथेच चित्रपट संपावयास हवा होता, पुढची नुसती बडबड आहे. दुसऱ्याचे म्हणणे, ती बडबड हाच चित्रपट. भाईंदरची खाडी आली, पुलावर गाडीचा आवाज वाढला, आवाज चढवावे लागले. नायगावला एक उतरला, वसई रोडला दोघे. नालासोपाऱ्याला चौथा उतरला तो फलाटावरून खिडकीशी वाकून आपला मुद्दा पुरा करीत होता. विरारला एकटा उरलेला माणूस वाद जिंकला असे समजून घरी गेला.

आज त्या वादातले आम्हाला एवढेच आठवते. आमच्यातल्या एकाने वही ठेवली होती. तीत तारीख आहे, चित्रपटाचे नाव आहे, दिग्दर्शक, देश, सारे सुवाच्य अक्षरात. चर्चेची एक ओळ नाही.

शतक पालटले तेव्हा ही त्रुटी आपोआप भरून निघेल असे वाटले होते. महाजालावरचे बोलणे लिहूनच करावे लागे. म्हणजे नोंद आपसूक होणार. आणि गाडी चुकण्याचा प्रश्नच नव्हता! मायबोली १९९६पासून होती. मनोगत २००४ साली, मिसळपाव २००७ साली आले. मायबोलीवर ‘चित्रपट कसा वाटला’ हा धागा इतका लांबे की तो अपुरा पडून पुढच्या क्रमांकाचा नवा उघडावा लागे. ऑर्कुटवर समूह होते. इंग्रजीत लिहू शकणारे आयएमडीबीच्या संदेशफलकांवर जात. त्या संकेतस्थळाचा जन्मच मुळी चर्चेतून झालेला: कॉल नीडहॅम या इंग्रज चित्रपटवेड्याने १९९० साली यूजनेटवरच्या एका चित्रपटविषयक चर्चागटातल्या याद्या एकत्र केल्या, त्यातून ते उभे राहिले. १९९८ साली ॲमेझॉनने ते विकत घेतले. प्रत्येक चित्रपटाच्या पानाखाली बोलण्याची एक जागा होती. कोणी न पाहिलेल्या चित्रपटाखालीही, तेथे एखादाच माणूस दोन वर्षांपूर्वी प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत असलेला दिसे. अशा प्रश्नाला उत्तर देण्यात जो आनंद असे, तो ज्याने अनुभवला त्यालाच कळेल.

या जागांत भांडणे होती, शिवीगाळ होती, टोपणनावाआडून केलेला कुचाळपणा होता. हे नाकारून स्मरणरंजन करणे बरे नव्हे. सभागृहात समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलावे लागे आणि त्याच्याच गाडीने परतावे लागे; येथे ते बंधन नव्हते. तरीही ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, आयएमडीबीचे संदेशफलक २० फेब्रुवारी २०१७ रोजी, तेव्हा गेले ते केवळ भांडण नव्हते. आयएमडीबीने सूचना दिली ती जेमतेम अडीच आठवडे आधी. बहुसंख्य वापरकर्त्यांना या फलकांचा सकारात्मक, उपयुक्त अनुभव येत नाही, असे कारण देण्यात आले. काही हौशी माणसांनी धावपळ करून जमेल तेवढा मजकूर उतरवून घेतला. जुन्या मराठी संकेतस्थळांची आजची वर्दळ पूर्वीची नाही. बोलणे फेसबुकावर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत गेले. तेथे आज सकाळी म्हटलेले उद्या सापडत नाही. वर्षानंतर तर शोधण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे काही ओळखीचे वाटावे. एखाद्या कवितेचे ग्रहण कसे झाले, हे आपण परीक्षणांवरून, पत्रव्यवहारावरून, नियतकालिकांतल्या वादांवरून ठरवतो. चित्रपटाच्या बाबतीत परीक्षणे आहेत, परंतु परीक्षण हे एकट्याचे आणि पूर्ण झालेले बोलणे असते. साठोत्तरी मराठी लेखकाने ‘पथेर पांचाली’ पाहून बाहेर आल्यावर काय म्हटले, त्याला कोणी कसे खोडून काढले, आणि त्याने पुढच्या कथेत निवेदन बदलले ते त्यामुळे की कसे, याचे साधन आपल्यापाशी नाही. पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून रिळे वाचवली. फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे आणि ‘कालिया मर्दन’चे जे उरले ते संग्रहालयामुळे आज पाहता येते. रिळ ही वस्तू आहे; ती कुजते, पेटते, म्हणून तिची काळजी वाटते. बोलण्याची अशी काळजी कोणी केली नाही. मंडळांनी हिशेब ठेवले, कारण ते तपासले जात. चर्चेचे इतिवृत्त मागणारा कोणी नव्हता. महाजालावर इतिवृत्त आपोआप तयार झाले, तर ते ठेवून घेणारा कोणी नव्हता. कागदावर न उतरलेले आणि उतरूनही पुसलेले, दोहोंचा शेवट सारखाच झाला.

दोष कोणाचा, हे ठरवण्यात आम्हाला रस नाही. मात्र एक गोष्ट बोचते. वसईतच कादोडी बोलीतली लग्नाची गाणी म्हाताऱ्या बायकांकडून ऐकून उतरवून घेण्याची खटपट झाली; बोलणे नष्ट होते याची जाण या भूमीला नाही असे नव्हे. आपले स्वतःचे बोलणेही त्यातलेच, हे मात्र आम्हाला सुचले नाही.

नायर ४ मार्च २०१६ रोजी गेले, नांदगावकर १ जानेवारी २०२३ रोजी. फिल्म सोसायटीच्या खेळांना जाणारे इकडचे काही वृद्ध सभासद अजून आहेत. गेल्या वर्षापासून आम्ही त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो आहोत. कोणाला चित्रपटाचे नाव आठवत नाही, पण त्यावरून कोण कोणाशी वर्षभर बोलत नव्हता ते आठवते. ‘इकिरू’च्या रात्री नालासोपाऱ्याला उतरलेले गृहस्थही भेटले. आता ऐकू कमी येते. वही त्यांच्यापुढे धरली, नावावर बोट ठेवले. त्यांनी चश्मा सारखा केला, बराच वेळ त्या ओळीकडे पाहिले आणि म्हणाले, “अहो, गाडी सुटली हो. मला अजून पुढे सांगायचे होते.” मग सांगू लागले. आम्ही या वेळी लिहून घेतले.