झिंबाब्वेचे पाषाणशिल्प : पूर्वज, निसर्ग आणि नावाचा प्रश्न

झिंबाब्वेतील आधुनिक पाषाणशिल्पास 'शोना शिल्प' म्हणण्याचा प्रघात आहे. १९५७ मध्ये सॉल्सबरी (आजचे हरारे) येथे उघडलेल्या कलादालनाचे पहिले संचालक फ्रँक मॅकइवेन यांनी या कलेस पाश्चात्त्य जगात ओळख मिळवून दिली. पूर्वजांचे आत्मे आणि मानव व पशुपक्षी यांची एकमेकांत मिसळलेली रूपे, हे तिचे प्रमुख विषय होत.

तथापि, १९६५ नंतरच्या आर्थिक निर्बंधांनी तंबाखूचा व्यापार खालावला, तेव्हा टॉम ब्लोमफील्ड या शेतमालकाने १९६६ मध्ये टेंगेनेंगे येथे शिल्पकारांची वसाहत वसविली. तेथे सर्पेंटाइन दगड घडविणाऱ्यांपैकी अनेकजण मलावी, अंगोला व मोझांबिक येथील स्थलांतरित होते. त्यांचे पूर्वज शोना नव्हते. परिणामी पूर्वजांचा गौरव करणाऱ्या या नावानेच त्यांच्या पूर्वजांची स्मृती झाकली गेली. म्हणून या कलेचा इतिहास लिहिताना शिल्पकाराच्या मूळ प्रदेशाची नोंद घेणे अगत्याचे ठरते.