पाणवठा, पोलीस आणि वसाहत : कुष्ठरुग्णांच्या इतिहासाकडे पाहताना

मराठीचा अभ्यास करणाऱ्याला अ‍ॅक्वर्थ हे नाव पोवाड्यांमुळे माहीत असते. हॅरी अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाडे गोळा करून १८९१ साली ते छापून काढले. हाच अ‍ॅक्वर्थ तेव्हा मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. पोवाड्यांचे पुस्तक निघण्याच्या आदल्याच वर्षी, १८९० मध्ये, त्याने लोकवर्गणीतून माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले. वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. एकाच माणसाच्या हातून शूरांची कवने जतन झाली आणि रस्त्यावरची माणसे उचलून कुंपणाआड ठेवली गेली. दोन्ही कामे त्याने मनापासून केली असे म्हणायला हरकत नाही. पहिल्या कामाला वाङ्मयेतिहासात जागा मिळाली. दुसऱ्याचा इतिहास लिहिला गेला तो देणगीदारांचा, डॉक्टरांचा आणि संस्थापकांचा. आत ठेवलेल्या माणसांचा पोवाडा कोणी गोळा केला नाही.

ही माणसे आत बसून खात नव्हती. आश्रमाच्या मैलापाण्यावर तिथे शेती केली जाई आणि रुग्ण त्या शेतात राबत. मैल्यापासून निघणारा वायू वापरण्याचे जे आरंभीचे प्रयोग या देशात झाले, त्यांत माटुंग्याच्या या आश्रमाचे नाव घेतले जाते. गोबरगॅसचे कौतुक करणाऱ्या किती लोकांना हे ठाऊक आहे?

१८९० च्या सुमारास महारोग हा एकदम सरकारी चिंतेचा विषय का झाला, हेही पाहिले पाहिजे. रोग तर हजारो वर्षांचा. पण नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ मध्ये या रोगाचा जंतू पाहिला होता आणि १८८९ मध्ये मोलोकाई बेटावर रुग्णांची सेवा करणारा फादर डेमियन याच रोगाने मरण पावला. गोरा माणूस मेला तेव्हा साम्राज्य घाबरले. लंडनमध्ये निधी उभा राहिला आणि १८९०-९१ मध्ये हिंदुस्थानात एक कमिशन आले. कमिशनने देशभर फिरून सांगितले, की संसर्गाचा धोका अगदी अल्प आहे, सक्तीने वेगळे ठेवण्याचे कारण नाही. मात्र शहरांत या लोकांनी भीक मागू नये, खाण्याचे पदार्थ विकू नयेत, अशी बंधने त्याच कमिशनने सुचवली. निधीच्या समितीला तर धोका अल्प असल्याचा निष्कर्षही पटला नाही. १८९७ मध्ये बर्लिनला जागतिक परिषद भरली आणि तिने अलगीकरणाच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्याच वर्षी, १८९८ मध्ये, हिंदुस्थानात लेपर्स अ‍ॅक्ट झाला.

हा कायदा मुळातून वाचावा. त्यात पकडायचा आहे तो 'दरिद्री महारोगी'. जो उघड्यावर भीक मागतो, किंवा ज्याला पोटापाण्याचे दिसणारे साधन नाही, असा. त्याला कोणताही पोलीस वॉरंटाशिवाय धरू शकत होता. ज्याच्याकडे वाडा आहे, माडीवर बसून खाण्याची सोय आहे, त्या महारोग्याला ही अटक नाही. जंतू गरीब-श्रीमंत पाहत नाही, कायदा पाहत होता. म्हणजे रोगाच्या नावाने जे हटवायचे होते ते दारिद्र्याचे दर्शन होते.

त्याच कायद्याने सरकारला अधिसूचना काढून आणखी काही गोष्टी बंद करण्याचा अधिकार दिला. महारोग्याने अन्न, पेय किंवा कपडा विकायला तयार करू नये वा विकू नये. सार्वजनिक विहिरीवर-तळ्यावर अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, पाणी भरू नये. भाड्याच्या गाडीत बसू नये. सरकार मना करील तो धंदा करू नये. ही यादी आपल्या वाचकाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. अन्न, पाणी, वाहन, धंदा. गावगाड्याने हजारो वर्षे जन्माच्या आधारावर जे राखले, तेच इंग्रजी कायद्याने रोगाच्या आधारावर कलमांत बसवले. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाल्याचे कागदावर आले, आणि तो कागद खरा करण्यासाठी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. त्या दिवशीही देशाच्या कायद्यात दुसऱ्या एका माणसाला पाणवठा बंद करणारे कलम शाबूत होते. या रोगाचा जंतू पाण्यातून पसरत नाही. तो मुख्यतः नाका-तोंडावाटे, दीर्घ सहवासातून पसरतो, आणि बहुसंख्य माणसांची शरीरे त्याला दाद देत नाहीत. विहिरीच्या बंदीला विज्ञानाचा आधार नव्हता. आधार होता तो विटाळाचा.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'महारोगी हा खरा अस्पृश्य' असे म्हणणारे सुधारक पुष्कळ भेटतात. सहानुभूती खरी असेल, पण या वाक्यात एक चलाखीही आहे. जातीची अस्पृश्यता त्यात हळूच एक आजार होऊन बसते, ज्याला औषध आणि सेवा पुरेशी. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलमावर चर्चा झाली तेव्हा नझिरुद्दीन अहमद यांनी दुरुस्ती सुचवली, की 'धर्म किंवा जात यांच्या कारणाने' असे शब्द घालावेत, नाही तर साथीच्या रोग्यालाही अस्पृश्य म्हणता येईल. दुरुस्ती मंजूर झाली नाही. पण १९५८ मध्ये म्हैसूर उच्च न्यायालयाने कलम १७ मधील अस्पृश्यता म्हणजे या देशात ऐतिहासिक क्रमाने वाढलेली प्रथा, शब्दशः अर्थाने नव्हे, असा अर्थ लावला. तो बरोबरच आहे. परिणाम असा, की रोग्याच्या बहिष्काराला संविधानाच्या त्या कलमाचा आधार मिळाला नाही. आणि जो जन्माने महार, मांग, चांभार आणि वर रोगाने पीडित, त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण. (महारोग या शब्दात महार नाही, महा आहे. तरी आपल्या लोकांना हा शब्द ऐकताना काय काय आठवत असेल हे व्युत्पत्तिकोशाने ठरवायचे नसते.)

आता उपचारांकडे वळू. फार काळ औषध होते ते कडू कवठाच्या बियांचे तेल, म्हणजे चालमोगऱ्याच्या जातीचे. त्याच्या वेदनादायक सुया टोचत आणि गुण आला तर आला. १९४१ मध्ये अमेरिकेत कारव्हिलला सल्फोन वर्गातल्या औषधाचा गुण दिसला, आणि पुढच्या दहा-एक वर्षांत डॅप्सोनची स्वस्त गोळी आपल्याकडे पोचली. पण औषधाने जंतू मरतो, मेलेली नस परत येत नाही. खरी गोष्ट इथे आहे. या रोगात बोटे झडतात असे गाव म्हणते. बोटे झडत नाहीत. हातापायाच्या नसा बधिर होतात, मग तव्यावरची भाकर उलथताना हात भाजला तरी कळत नाही, पायात काटा मोडला तरी माणूस दिवसभर त्यावरच चालतो. जखम चिघळते, हाड झिजते. वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यविशारदाने ही गोष्ट नेटाने मांडली. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडत आणि रुग्णाला जाग येत नसे, हे लक्षात आल्यावर तिथे रुग्णांनी मांजरे पाळली. ब्रँडने १९४८ पासून आखडलेल्या बोटांना चालत्या स्नायूच्या दोऱ्या जोडून हात पुन्हा कामाला लावले.

जखमेवरचा खरा उपाय विश्रांती. ती कोणाला परवडते? ज्याची मजुरी रोजची, त्याला पाय टेकवू नकोस असे सांगणे म्हणजे उपाशी राहा असे सांगणे. म्हणून या रोगात शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची ठरली ती चप्पल. मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या तळाची, खिळे न ठोकता बनवलेली, कारण बधिर पायाला खिळा वर आलेला कळत नाही. कुष्ठरोगाच्या रुग्णालयांत त्यासाठी चपला बनवणारे कारागीर बसले. ज्या कारागिरीला गावाने वेशीबाहेर बसवले होते ती इथे उपचाराचा भाग झाली. वैद्यकाच्या इतिहासात या कारागिरांचा उल्लेख एखाद्या ओळीत होतो.

महाराष्ट्रात या कामाची भूमी विदर्भ. १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम सुरू केले. १९३९ मध्ये परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले आणि गांधीजी त्यांना मालिश करत असल्याचे छायाचित्र सर्वत्र गेले. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले. बाबा आमटे वरोऱ्याच्या नगरपालिकेत असताना सफाई कामगारांबरोबर मैला वाहत होते. त्याच काळात पावसात पडलेला एक रुग्ण दिसला आणि आपण भ्यालो, पळालो, हे त्यांनीच पुढे सांगितले. मैल्याच्या त्या वाटेने रोज जाणाऱ्यांनी आधी कितीदा त्याला पाहिले असेल? १९५१ मध्ये सहा रुग्णांनिशी पडीक जमिनीवर आनंदवन सुरू झाले. तिथल्या बधिर हातांनी विहिरी खोदल्या, पिके काढली, इमारती बांधल्या, आणि ज्या गावांनी त्यांना हाकलले त्या गावांची मुले तिथल्या महाविद्यालयात शिकायला आली. हे काम थोर आहे यात वाद नाही. परंतु माणूस बरा झाला, हाताला काम मिळाले, तरी गावातली जमीन, घर, बायको-मुले परत मिळाली का, हा प्रश्न वसाहत कितीही सुंदर झाली तरी शिल्लक राहतो. भीक मागणे थांबले. बाहेर ठेवणे थांबले नाही.

म्हणून मला त्याच वर्षी, १९५१ मध्ये, वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे काम अधिक मूलगामी वाटते. डॉ. वारदेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली. कार्यकर्ता घरोघर जाई, अंगावरचा चट्टा लवकर हेरी, गोळी गावातच देई. रोगी घरातून हलायचाच नाही. या कामाचे छायाचित्र निघत नाही, सायकलीवरच्या कार्यकर्त्याचा गौरवग्रंथ निघत नाही. १९५५ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानेही हाच मार्ग धरला. पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासा झाला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. उपचार सहा महिने ते एक वर्षावर आला. डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण उरल्याने रोगाचे देशपातळीवर निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. तरी त्यानंतरही देशात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत आले आहेत.

औषधाचा वेग कायद्याला नव्हता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, ते २०१९ मध्ये निघाले. २००८ मध्ये ओरिसातील एका निवडून आलेल्या नगरसेवकाचे पद कुष्ठरोगाच्या कारणाने जाण्यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. ज्याला वर्षभराच्या गोळ्यांनी बरे करता येते त्याला मतदारांनी निवडले तरी बसता येत नव्हते. आणि १८९८ चा तो लेपर्स अ‍ॅक्ट केंद्राच्या कायदेसंग्रहातून रद्द झाला २०१६ मध्ये, म्हणजे एकशे अठरा वर्षांनी.

देशात सातशेहून अधिक कुष्ठवसाहती उभ्या राहिल्या. कित्येक स्टेशनाजवळ, नाल्याकाठी, सरकारी पडिकावर. तिथे तिसरी पिढी नांदते आहे. तिला रोग नाही, पत्ता तोच आहे. कायदा आयोगाच्या २०१५ च्या अहवालातही या वसाहतींच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न आला. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या आपल्या माणसांनी पट्ट्यासाठी जे अर्ज लिहिले, तसेच अर्ज या वसाहतींतूनही तहसील कचेरीत जातात.