जाण्याआधीची सही

युरोपातला विद्यार्थी एका सत्रासाठी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात जातो, तेव्हा निघण्यापूर्वी त्याला एक करार करावा लागतो. ‘लर्निंग अॅग्रीमेंट’ म्हणतात त्याला. एका तक्त्यात तिकडे कोणते विषय घेणार ते लिहायचं, दुसऱ्यात त्यांच्या बदल्यात इकडचे कोणते विषय सुटणार ते. खाली तीन सह्या: विद्यार्थ्याची, त्याच्या विद्यापीठाची आणि यजमान विद्यापीठाची. परतल्यावर तिकडच्या विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) आम्ही धरू, अशी ही आगाऊ हमी. अनेक दशकांच्या खटपटीतून ती उभी राहिली, आणि या खटपटीचं मूळ प्राध्यापकांच्या पेन्शनमध्ये आहे.

1905 मध्ये उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी 1 कोटी डॉलर दिले. पैसे वाटायचे तर आधी कॉलेज कशाला म्हणायचं ते ठरवणं भाग होतं, कारण तेव्हा साध्या शाळाही कॉलेजची पाटी लावत. या पैशातून उभ्या राहिलेल्या कार्नेगी प्रतिष्ठानाने अट घातली: प्रवेशासाठी विद्यार्थ्याने शाळेत किमान 14 ‘युनिट’ पुरे केलेले असावेत, आणि एक युनिट म्हणजे एका विषयाचं वर्षभरातलं सुमारे 120 तासांचं शिक्षण. पेन्शन हवी असलेल्या कॉलेजांनी अट मान्य केली. पुढे 1910 मध्ये मॉरिस कुक या इंजिनिअरने प्रतिष्ठानासाठी केलेल्या अहवालात कॉलेजचं कामही ‘विद्यार्थी-तासां’त मोजावं असं सुचवलं. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट यांनी वैकल्पिक विषयांची पद्धत आधीच रुळवली होती. प्रत्येकाचे विषय वेगळे झाले की पदवीसाठी बेरीज करायला एखादं समान माप लागतंच. ते माप तासाचं झालं. ते उपयोगी होतं, पण शिक्षक किती वेळ बोलले एवढंच त्यातून कळायचं. विद्यार्थ्याने किती कष्ट घेतले, याची नोंद त्यात कुठेच नव्हती.

या मापाच्या जोरावर 1923 मध्ये डेलावेअर विद्यापीठाने एक धाडस केलं. पहिल्या महायुद्धात लढून आलेले फ्रेंचचे प्राध्यापक रेमंड किर्कब्राइड यांनी सुचवलं, की विद्यार्थ्यांनी तिसरं वर्ष फ्रान्समध्ये काढावं आणि ते वर्ष इथल्या पदवीत धरलं जावं. अध्यक्ष वॉल्टर हलिहेन यांनी ही कल्पना उचलून धरली. 7 जुलै 1923 रोजी आठ विद्यार्थी बोटीने निघाले. आधी फ्रान्समधल्या नान्सी शहरात भाषेचा सराव झाला, मग पॅरिस. किर्कब्राइड स्वतः त्यांच्यासोबत होते, त्यामुळे तिकडच्या अभ्यासाची ग्वाही द्यायला घरचाच माणूस होता. आठ जणांसाठी हे जमलं. हजारोंसाठी असा माणूस कुठून आणायचा?

युरोपात तो प्रश्न एका तरुणीच्या वाट्याला आला. सोफिया कोराडी रोमच्या सापिएन्झा विद्यापीठात कायदा शिकत होत्या. 1957 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या आणि तौलनिक कायद्यातली मास्टर्स पदवी घेऊन परतल्या. हा अभ्यास आपल्या इटालियन पदवीत धरावा, अशी विनंती त्यांनी केली. विद्यापीठाने ती फेटाळली, आणि तीही चारचौघांत अपमान करून. हा प्रसंग त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. मला थोर वाटतं ते हे, की त्यांनी त्या अपमानाची तक्रार न करता त्यातून योजना केली. पुढे इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेसाठी काम करताना 1969 मध्ये त्यांनी एक टिपण तयार केलं. त्यातला कळीचा मुद्दा साधा होता: विद्यार्थ्याने परदेशी अभ्यासाचा आराखडा जाण्याआधी विभागापुढे ठेवावा आणि विभागाने तो आधीच मंजूर करावा. मग परत आल्यावर कुणाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायला नको.

टिपणापासून योजनेपर्यंत 18 वर्षं गेली. 1976 मध्ये युरोपीय समुदायाने विभागा-विभागांतल्या संयुक्त अभ्यासक्रमांना मदत द्यायला सुरुवात केली. जून 1987 मध्ये विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना मंजूर झाली आणि पहिल्या वर्षी 11 देशांतले 3,244 विद्यार्थी बाहेर पडले. कोराडींना आज इटलीत ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणून ओळखतात.

पण मंजुरी द्यायची ती कशाच्या आधारे? जर्मनीत 1 हा सर्वोत्तम गुण, इटलीत गुण 30 पैकी, फ्रान्समध्ये 20 पैकी. विषयांचे आकारही वेगवेगळे. यावर 1989 मध्ये युरोपीय आयोगाने एक प्रयोग सुरू केला: युरोपीय श्रेयांक हस्तांतर पद्धती, म्हणजे ईसीटीएस. व्यवसाय प्रशासन, रसायनशास्त्र, इतिहास, यंत्र अभियांत्रिकी आणि वैद्यक हे पाच विषय घेतले गेले आणि प्रयोगात पुढे 145 संस्था आल्या.

या प्रयोगातली खरी हुशारी हिशेब उलटा करण्यात आहे. तासांची बेरीज करत वर जायचं नाही. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे 60 श्रेयांक हे आधी धरायचं आणि मग ते 60 विषयांत वाटायचे. वाटणीचा आधार म्हणजे विद्यार्थ्याचं एकूण काम: वर्ग, प्रयोगशाळा, घरचं वाचन, परीक्षेची तयारी, सगळं. वर्षाचं काम 1,500 ते 1,800 तासांचं मानलं जातं, म्हणून एका श्रेयांकाला 25 ते 30 तास पडतात. कार्नेगीच्या तासात शिक्षक केंद्रस्थानी होता, इथे विद्यार्थी आला. अभ्यास किती चांगला झाला हे श्रेयांक सांगत नाही. ते गुणपत्रकाचं काम.

करारातले दोन तक्तेही याच विचाराचे. डावीकडच्या प्रत्येक विषयाला उजवीकडे जुळा भाऊ शोधत बसायची गरज नाही. तिकडच्या 30 श्रेयांकांचा गट इकडच्या 30 श्रेयांकांच्या गटासमोर ठेवता येतो. तिथे पोहोचल्यावर वेळापत्रक जमलं नाही, तर सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत बदल करून पुन्हा तीन सह्या घ्यायच्या. 1997 च्या लिस्बन करारनाम्याने यात आणखी एक न्याय्य पाऊल टाकलं: परदेशी शिक्षण नाकारायचं असेल, तर त्यात मोठा फरक आहे हे दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्याची. विद्यार्थ्याने स्वतःला सिद्ध करत बसायचं नाही.

आपल्याकडे 2021 मध्ये विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठवणारी अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. त्यानंतर आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत वर्षाला 40 श्रेयांक आहेत आणि एक श्रेयांक 30 तासांचा. मुंबई-पुण्याहून युरोपात सत्रासाठी जाणाऱ्या मुलांची अडचण इथेच होते. तिकडच्या 30 श्रेयांकांचे इथे किती? तासांनी मोजलं तर 25 ते 30 होतात. वर्षाच्या हिश्शाने मोजलं तर 20, म्हणजे इथलं एक पूर्ण सत्र. मला हिश्शाचा हिशेब योग्य वाटतो, कारण ईसीटीएस रचलीच मुळी वर्षाच्या वाटणीवर. पण कोणता हिशेब लागू होणार आणि तिकडचे गुण इथल्या श्रेणीत कसे बसवणार, हे दोन्ही विभागाकडून जाण्याआधी लेखी घ्यावं. सोबत तिकडच्या प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम जोडावा, कारण समकक्षता ठरवायला बसलेली समिती पहिल्यांदा तोच मागते.