तरवडाचं ‘नवं’ नाव किती जुनं?

माळरानावर, रस्त्याच्या कडेला पिवळ्याधमक फुलांनी लदलेला तरवड तुम्ही पाहिला असेलच. हाच बागेत लावायचा म्हणून वाचायला बसलात की दोन नावं समोर येतात: कॅसिया ऑरिक्युलाटा आणि सेन्ना ऑरिक्युलाटा. झुडूप एकच.

पहिलं नाव लिनियसचं, १७५३ मधलं. ऑरिक्युला म्हणजे छोटा कान. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णं असतात, त्यावरून ते पडलं. दुसरं नाव विल्यम रॉक्सबर्गचं. तो वारला १८१५ मध्ये आणि त्याच्या ‘फ्लोरा इंडिका’तून हे नाव छापून आलं १८३२ मध्ये! तरी पुढे बरीच वर्षं कॅसियाच चालत राहिलं, कारण त्या एकाच पोतडीत शेकडो जाती कोंबलेल्या होत्या. १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नबी यांनी अमेरिका खंडातल्या जाती तपासताना कॅसिया, सेन्ना आणि कॅमेक्रिस्टा असे तीन जीनस वेगळे मांडले. मग रॉक्सबर्गचं नाव पुन्हा वापरात आलं.

नावाने काय फरक पडतो? बागेत पडतो. तरवड शेंगावर्गीय, म्हणजे मुळांवर गाठी असणार आणि नत्र फुकटात मिळणार, असं आपण धरून चालतो. पण गाठी कॅमेक्रिस्टात आढळतात, सेन्नात सहसा नाहीत. जुन्या पेपरात ‘कॅसियाच्या मुळांवर गाठी’ असं वाचलंत, तर आधी जात कोणती ते बघा. ती आज कॅमेक्रिस्टात गेलेली असू शकते.

उलट, फक्त सेन्ना टाकून शोधलंत तर तरवडाचा अर्धा इतिहास हातून जाईल. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर. दक्षिण भारतात कातडी कमावायला ती वापरत, इंग्रजीत त्याला टॅनर्स कॅसियाच म्हणत. पुढे दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या वॅटलच्या सालीने तिची जागा बरीचशी घेतली. हे सगळं साहित्य कॅसिया किंवा ‘आवारम’ या तमिळ नावाखाली सापडतं.

आता लावायचं कसं? बियांचं कवच टणक असतं. पॉलिशपेपरवर हलकं घासून रात्रभर पाण्यात ठेवा, पावसाच्या तोंडावर पेरा. जागा भरउन्हाची, पाणी न साचणारी हवी. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यावं लागतं. मुळं खोल गेली की मग तेही नको.