धर्मगुरू आणि सॅलॅमँडर

नागपूरच्या उन्हाळ्यात अंगणातील दिव्याभोवती किडे टिपणारी पाल आपण सर्वांनी पाहिली आहे. मांजराच्या पंजात शेपूट सोडून ती निसटते आणि तिला पुन्हा शेपूट फुटते. मात्र ही नवी शेपूट जुनीसारखी हुबेहूब नसते. मणक्यांच्या जागी तीत कूर्चेची नळी असते. पालीचा पाय तुटला, तर तो परत येत नाही.

या गूढाचा मागोवा घेणाऱ्यांत एक कॅथलिक धर्मगुरू अग्रभागी होते, याचे आम्हांस अप्रूप वाटते. लाझारो स्पालान्झानी यांचा जन्म १७२९ साली इटलीतील स्कँदियानो येथे झाला. त्यांच्यापूर्वी, १७४० च्या सुमारास, हॉलंडमध्ये मुलांना शिकविणाऱ्या आब्राहाम त्रांब्ले यांनी डबक्यातील हायड्राचे दोन तुकडे केले आणि त्यांतून दोन पूर्ण जीव झालेले पाहिले. स्पालान्झानींनी हाच शोध पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत घेतला. सॅलॅमँडरची शेपूट, पाय आणि जबडाही पुन्हा वाढतो, असे त्यांनी १७६८ च्या छोटेखानी ग्रंथात नोंदविले. मनुष्यासही हे साधेल काय, असा प्रश्नही त्यांनी विचारला.

त्या प्रश्नाचा एक धागा महाराष्ट्रात पोहोचला आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी व सहकाऱ्यांनी हायड्राचा दीर्घ अभ्यास केला. आपल्या शरीराची घडण करणाऱ्या काही जनुकांचे भाऊबंद या इवल्या जीवातही त्यांना आढळले. हायड्रा चार वर्षे पाळूनही त्यात वार्धक्याची चिन्हे दिसली नाहीत, असे अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झाले.

आपणही अगदीच रिते नाही. यकृताचा मोठा भाग काढला, तरी उरलेला भाग वाढून ती उणीव भरून काढतो. लहान मुलांच्या बोटाचे तुटलेले टोकही पुन्हा येऊ शकते. इतरत्र मात्र जखम व्रण ठेवून मिटते. मधुमेहाने पाऊल गमावलेला आप्त ज्यांच्या घरी आहे, त्यांना या 'मात्र'चे मोल सांगावे लागत नाही.

अशाच घरांच्या दारी मूलपेशींच्या चमत्काराच्या जाहिराती येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी मूलपेशींचा रूढ उपचार मुख्यतः रक्तविकारांपुरता मान्य केला. अन्य उपयोग प्रयोगाच्याच कक्षेत ठेवले. दागिने मोडण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे. स्पालान्झानींनी आपला प्रश्न प्रश्न म्हणूनच मांडला होता. अडीचशे वर्षांनंतर त्याचे उत्तर कोणी विकू लागला, तर आपण सावध असावे.