हंटरची मोहिनी

दूरचित्रवाणीवरील मालिकेचा चित्रपट होणें ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. अमेरिकेंत १९६६ सालीं सुरू झालेल्या 'मिशन : इम्पॉसिबल' या मालिकेवरून १९९६ सालीं त्याच नांवाचा चित्रपट निघाला. कोण कोणाचा पाठलाग कशासाठीं करीत होता हें बाहेर पडल्यावर धड सांगतां येत नाहीं. तरीहि प्रेक्षक तृप्त होऊन घरीं जातो. ही तृप्ति दूरचित्रवाणीहून बरीच जुनी आहे. १९१४ च्या 'पेरिल्स ऑफ पॉलिन' या मूकपटमालिकेंत पर्ल व्हाइट ही नटी हप्त्याहप्त्यानें संकटांत सांपडे आणि सुटे. असल्या मालिका हिंदुस्थानांतहि आवडीनें पाहिल्या गेल्या, आणि त्यांचें बीं मुंबईस परळांत चांगलें रुजलें.

तेथें जमशेद व होमी वाडिया या बंधूंनीं १९३३ सालीं 'वाडिया मूव्हीटोन' ही संस्था काढली. जमशेद हे विद्वान् गृहस्थ, पुढें मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी झालेले. पण त्यांचें नांव झालें तें धाकट्या बंधूंनीं दिग्दर्शित केलेल्या 'हंटरवाली'मुळें. मेरी इव्हान्स ही ऑस्ट्रेलियांत पर्थ येथें जन्मलेली, सर्कशींत वावरलेली तरुणी. तिला 'नादिया' हें नांव मिळालें. १९३५ च्या या बोलपटांत ती मुखवटा चढवून, हातीं हंटर घेऊन जुलमी वजिराच्या माणसांना झोडपते. गोऱ्या बाईची ही धिंगामस्ती कोण पाहणार, म्हणून वितरक पुढें येईनात. अखेर वाडियांनीं स्वतःच चित्रपट लावला, आणि गर्दी लोटली.

या गर्दीला अडाणी म्हणून मोकळें होणारे सुशिक्षित तेव्हांहि होते. त्यांना पुण्याच्या 'प्रभात'चा 'संत तुकाराम' (१९३६) रुचे, आणि तो थोर आहेच; १९३७ सालीं व्हेनिसलाहि त्याचा गौरव झाला. पण मुकादमापुढें दिवसभर मान खालीं घालणाऱ्या माणसाला, हंटर उगारलेली आणि कोणासहि न डगमगणारी बाई पाहून काय वाटलें असेल, हा प्रश्न त्यांनीं स्वतःला विचारला नाहीं. शिवाय ती झेप खरी होती. नादिया आपलीं साहसें स्वतःच करी. 'मिस फ्रंटियर मेल'मध्यें (१९३६) ती आगगाडीच्या टपावर झुंजली. कथानक कच्चें असलें तरी जीव पक्का पणाला लागलेला होता, व प्रेक्षकाला तें कळत असे. 'डायमंड क्वीन'मध्यें (१९४०) तर हाणामारीच्या जोडीला साक्षरता व स्त्रीस्वातंत्र्य यांचा पुरस्कारहि आला.

जमशेद यांना पुढें प्रतिष्ठित कलेची ओढ लागली. १९४१ सालीं 'राजनर्तकी' निघाला. नंतर बंधूंच्या वाटा निराळ्या झाल्या. परळची जागा १९४२ सालीं व्ही. शांताराम यांच्या 'राजकमल'कडे गेली. होमी यांनीं 'बसंत पिक्चर्स' काढली, आणि तिच्यातर्फें १९४३ सालीं नादियाला पुन्हां पडद्यावर आणलें. त्या चित्रपटाचें नांव 'हंटरवाली की बेटी'.