गिरणी संपाचे मूळ 1946 मध्ये

मुंबईच्या कापडगिरण्या कामगार पुढारी दत्ता सामंतांनी बुडवल्या, हे वाक्य गेली चाळीस वर्षे इतक्या सहज उच्चारले जाते की त्याला पुरावा मागावा असे कुणाच्या मनातही येत नाही. 18 जानेवारी 1982 पासून साठीच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले, तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही आणि गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखे उभे राहिले नाही, एवढे खरे. पण हे सारे एका पुढाऱ्याच्या हट्टाने घडले असे मानले, तर एक प्रश्न अनुत्तरित राहतो. ज्या कामगारांची मान्यताप्राप्त युनियन होती, ते बोनसचा वाद पेटताच 1981 च्या ऑक्टोबरात घाटकोपरच्या एका डॉक्टरच्या दाराशी येऊन का बसले? त्याचे उत्तर सामंतांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात शोधावे, असे मला वाटते.

गुलझारीलाल नंदा मुंबई प्रांताचे मजूरमंत्री असताना हा कायदा झाला. त्याआधी 1938 मध्ये आलेल्या अशाच विधेयकाविरुद्ध डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन संप केला होता, कारण संपाचा हक्क बांधून टाकण्याचा त्यातला बेत दोघांनीही ओळखला होता. 1946 च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. एका शहरातला एक अख्खा उद्योग हा एक घटक धरला गेला आणि ठरावीक टक्के सभासद दाखवणारी एकच युनियन त्या साऱ्या उद्योगाची प्रातिनिधिक युनियन ठरली. मालकाशी बोलणी करायची ती तिने, करारावर सही करायची ती तिने, आणि तो करार सर्वांवर बंधनकारक. सभासद किती, हे गुप्त मतदानाने ठरत नव्हते, पावत्या आणि नोंदवह्यांवरून ठरत होते. शिवाय सरकारमान्य युनियनला गिरणीच्या आवारात वर्गणी गोळा करण्याचा, सूचनाफलक लावण्याचा अधिकार होता, जो दुसऱ्या कुणाला नव्हता. काँग्रेसच्या छत्राखालच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला ही जागा मिळाली, आणि एकदा मिळाल्यावर ती हिसकावून घेणे जवळजवळ अशक्य झाले.

याचे परिणाम तीनदा दिसले, आणि तिन्ही वेळा पुढारी वेगळे होते. 1950 मध्ये बोनससाठी अशोक मेहतांच्या समाजवादी मिल मजदूर सभेने दोन महिने संप चालवला. दोन लाखांवर कामगार बाहेर पडले, तरी कायद्याच्या नजरेत त्यांच्या युनियनला अस्तित्वच नव्हते. संप फसला. 1974 मध्ये कम्युनिस्ट पुढारी डांग्यांच्या गिरणी कामगार युनियनने 42 दिवस संप केला. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपातून जिची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती, त्या लाल बावट्याच्या युनियनलाही मजदूर संघाची मक्तेदारी मोडता आली नाही. म्हणजे समाजवादी झाले, कम्युनिस्ट झाले, आणि तिसऱ्या खेपेला कामगारांनी कोणत्याच विचारसरणीत न बसणारा माणूस निवडला. 1982 चा संप या रांगेत ठेवून पाहिला की तो एका व्यक्तीचे साहस वाटत नाही.

सामंतच का, याचेही कारण आहे. मालवणजवळच्या देवबागचा हा मुलगा मुंबईत डॉक्टर झाला, घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना घातला आणि दगडखाणीतल्या मजुरांवर उपचार करता करता त्यांच्या लढ्यात उतरला. पुढे तो काँग्रेसचा आमदार झाला. त्याची युनियनही इंटक या काँग्रेसच्या कामगार महासंघाची, म्हणजे मजदूर संघाच्याच घराण्यातली. तरीही आणीबाणीत काँग्रेस सरकारनेच त्याला तुरुंगात टाकले. सुटून आल्यावर इंजिनियरिंग कारखान्यांत, प्रीमियर ऑटोमोबाइल्ससारख्या ठिकाणी, सामंतांनी मोठमोठ्या पगारवाढी मिळवल्या. इथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. हे कारखाने 1946 च्या कायद्याखाली नव्हते. तिथे प्रत्येक कारखान्याचा हिशेब वेगळा, त्यामुळे कामगार नाराज झाले तर त्या एका कारखान्यात युनियन बदलू शकत होते. गिरणीच्या फाटकाशी मात्र हीच पद्धत अडली, कारण एका गिरणीतले सगळे कामगार सामंतांकडे आले तरी साऱ्या शहराचा घटक मजदूर संघाच्याच नावावर राहत होता. म्हणून संपाच्या मागण्यांत पगारवाढ आणि बदली (म्हणजे गैरहजरांच्या जागी घेतल्या जाणाऱ्या) कामगारांना कायम करणे यांच्याबरोबर हा कायदा रद्द करण्याची मागणी होती, आणि सरकारला सगळ्यात जड गेली ती हीच. बाबासाहेब भोसले गेले, वसंतदादा पाटील आले, पण सामंतांच्या महाराष्ट्र गिरणी कामगार युनियनशी सरकारने तडजोड केली नाही.

यावर पहिला आक्षेप असा की गिरण्या आधीच आजारी होत्या, त्यांना एवढा संप पेलणार नव्हता, हे सामंतांना कळायला हवे होते. ताळेबंद बघणे हे आपले काम नाही, असे ते उघड म्हणत. इंजिनियरिंगमध्ये खपलेली ही भूमिका कापडधंद्यात चुकीचीच होती. अनेक मालकांकडे न विकलेला माल पडून होता आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेण्याची सोय होती. संप लांबला तर त्यांचे फारसे बिघडत नव्हते. हे मी मान्य करते. पण त्यातूनच हेही दिसते की गिरण्यांचा ऱ्हास यंत्रमागांच्या स्पर्धेने आणि जुन्या यंत्रांमध्ये पैसा न घालण्याच्या धोरणाने आधीच सुरू झाला होता. संपाने त्याला वेग दिला, जन्म दिला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हरलेला संप वेळीच मागे घेणे हे पुढाऱ्याचे कर्तव्य असते, आणि ते सामंतांनी केले नाही. घरातली भांडी विकून, गावाकडून आलेल्या धान्यावर महिनोन्‌महिने तग धरलेल्या कुटुंबांची किंमत कुठल्याही युक्तिवादाने भरून येत नाही. सामंतांच्या आधीच्या लढ्यांतही हिंसा आणि युनियनयुनियनमधल्या मारामाऱ्या होत्या, त्या झाकण्यात अर्थ नाही. मात्र माघारीलाही समोर कुणीतरी लागते. ज्याला कायदा ओळखतच नाही, त्याच्याशी सन्मानाची तडजोड करून त्याला परत फिरण्याची वाट देणारी व्यवस्थाच 1946 पासून बंद होती. संप फोडून कामावर परतणे किंवा नोकरी गमावणे, एवढेच पर्याय कामगारापुढे उरले.

जे गुप्त मतदान कामगारांना युनियनसाठी मिळाले नाही, ते 1984 च्या डिसेंबरात लोकसभेसाठी मिळाले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने देशभर चारशेवर जागा जिंकल्या असताना परळ-लालबागच्या दक्षिण मध्य मुंबईने सामंतांना अपक्ष म्हणून निवडून दिले, तेही संप हरल्यावर. कामगार आघाडी या त्यांच्या संघटनेचे राजकारण महत्त्वाकांक्षेतून आले असे म्हणणाऱ्यांनी या निकालाचा विचार करावा. महत्त्वाकांक्षा असेलही, पण मतदारांपाशी दुसरी मतपेटी नव्हती. कायदा मात्र तसाच राहिला. 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली तेव्हा सामंत विरोधात उभे राहिले, आणि 16 जानेवारी 1997 ला पवईत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. पुढे जमिनीच्या विक्रीच्या आणि स्वेच्छानिवृत्तीच्या करारांवर अनेक गिरण्यांत कामगारांच्या वतीने सही करण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता.